ओपांचं ताट रिकामं होतं

आता विचारलंच आहे तर सांगते. पण आधी सगळ्यांनी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना कोणीतरी ऐन घोटात हसलं आणि तो घोट माझ्या कुर्त्यावर आला.

तर मला गाड्यांचा किती राग आहे हे तुम्हाला माहीतच आहे. मी आजपर्यंत एकही गाडी विकत घेतलेली नाही. घेणारही नाही. पण एक गाडी मी विकली आहे! तीही साधीसुधी नाही, पिकअप ट्रक. असा, की तो उभा राहिला तर त्याच्या सावलीत आमचा नाशिकचा अख्खा फ्लॅट मावेल, गॅलरीसकट. आणि तो विकायला मला ना जाहिरात करावी लागली, ना डिस्काउंट द्यावा लागला. फक्त पुरणपोळ्या कराव्या लागल्या.

थांबा, हसू नका. अजून सुरुवातसुद्धा झालेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात इंटर्नशिपसाठी राहिले होते. विषय शहरनियोजन. शहरं माणसांसाठी असावीत, गाड्यांसाठी नव्हे, हे ज्या वयात कळतं आणि कळल्यावर दिसेल त्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्या वयाची मी. राहायला खोली मिळाली एका जर्मन कुटुंबात. मी मनात म्हटलं, वा! जर्मन म्हणजे सायकली, कचऱ्याचे चार वेगवेगळे डबे, वेळेवर येणाऱ्या ट्रेन. माझीच माणसं!

पण नशीब बघा. घरमालक मॅथियास नेमका गाड्यांच्या धंद्यातला इंजिनिअर. त्यातही हा काय बनवतो? तर गाड्यांची सीटं! माणूस गाडीत बसला की त्याला उठावंसंच वाटू नये, यासाठी हा भला माणूस रोज सकाळी लवकर उठून ऑफिसला जायचा. म्हणजे माझ्या शत्रूचा गादीवालाच म्हणा ना.

त्याची बायको कात्रिन मात्र माझ्या बाजूची. शाळेत चित्रकला शिकवायची. मुलगी लेना बारा वर्षांची, एका कानात कायम इअरफोन. आणि उन्हाळ्यापुरते जर्मनीहून आलेले मॅथियासचे वडील, म्हणजे ओपा. ओपा म्हणजे त्यांच्याकडे आजोबा. पंच्याहत्तरी ओलांडलेले, ताठ, शिडशिडीत, जन्मभर सायकल चालवलेले. हा माणूस समुद्र ओलांडून येताना बॅगेत स्वतःच्या सायकलचं सीट घेऊन आला होता! का, तर म्हणे दुसऱ्याच्या सीटवर बसणं म्हणजे दुसऱ्याच्या कवळीने जेवणं. इंग्रजी त्यांना चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, पण मी त्यांच्या प्रेमातच पडले. पहिल्याच दिवशी मी त्यांना जमिनीकडे बोट दाखवून, झाडाकडे बोट दाखवून, हातांनी मोठा गोल करून समजावलं, की माझं नाव अवनी, आणि अवनी म्हणजे पृथ्वी. हे मी सगळ्यांना सांगते. जरा अभिमानानेच सांगते. लक्षात ठेवा.

त्याच दिवशीच्या जेवणाची गोष्ट. कात्रिनने विचारलं, "अवनी, अजून सूप?"

मी म्हटलं, "नको नको."

आता आपल्याकडे 'नको नको' ही बोलण्याची सुरुवात असते. समोरच्याने म्हणायचं, अगं घे गं थोडं. आपण म्हणायचं, नाही हो, खरंच पोट भरलं. मग त्याने सरळ वाढायचं आणि आपण 'अहो बास बास' म्हणत ताट पुढे करायचं. पण कात्रिनने काय केलं? पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पातेलं फ्रिजमध्ये! मी चमचा हातात धरून त्या फ्रिजच्या दाराकडे बघत राहिले. शेवटी खोलीत जाऊन आईने दिलेला चिवडा खाल्ला, तोही आवाज होऊ नये म्हणून चघळून.

त्या चिवड्याच्या साक्षीने मी ठरवलं, की या घराला एकदा दाखवायचंच. वाढणं म्हणजे काय असतं ते.

आता ट्रककडे येऊ.

मॅथियासला पिकअप घ्यायचा होता. फ्रिजवर त्या ट्रकचा फोटो लावलेला, जणू घरातला कोणी परीक्षेत पहिला आलाय. घरात एक मोठी गाडी आधीच होती. कात्रिन म्हणायची, दुसरी नको. मी आल्यावर तिचा पक्ष एकदम मजबूत झाला.

"तुला ट्रक कशाला हवाय?" मी एकदा जेवताना विचारलं. "तू काय ऊस वाहतोस?"

"नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "लाकूड आणायला लागतं."

"शेवटचं कधी आणलंस?"

उत्तर कात्रिनने दिलं. "दोन वर्षांपूर्वी. एक फळी."

"मोठी फळी होती," मॅथियास म्हणाला.

झालं! मी सुटले. हवामान, डांबर, पार्किंगच्या नावाखाली मारलेली झाडं, सगळं एका दमात. सूप थंड झालं. लेनाने दुसऱ्याही कानात इअरफोन घातला. मॅथियासने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू म्हणतेस सायकलने सगळं होतं. ठीक. मी इंजिनिअर आहे. चाचणी करू."

चाचणी अशी ठरली. शनिवारी आम्ही पाचही जणांनी सायकलने उत्तरेकडच्या तळ्यावर जायचं आणि सायकलनेच परत यायचं. पाचही जण आपापल्या पायांच्या जोरावर घरी आले, तर ट्रक रद्द. एकालाही गाडीतून आणावं लागलं, तर ट्रक येणार आणि कोणी पुन्हा तोंड उघडायचं नाही. त्याने 'कोणी' म्हणताना माझ्याकडेच पाहिलं.

लेनाने ओपांना जर्मनमध्ये सगळं समजावलं. ओपांनी टेबलावर मूठ आपटली आणि त्यांच्या ठेवणीतल्या चारपैकी दोन शब्द वापरले: "बायसिकल! गुड!"

मग काय! विजय खिशातच होता. पण नुसता जिंकून काय उपयोग? तो साजराही व्हायला नको का? मी शुक्रवारी शैलाकाकूंकडे गेले. शैलाकाकू मूळच्या नागपूरच्या, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहायच्या. अमेरिकेत वीस वर्षं काढूनही त्यांच्या हातची पोळी तिळभर पातळ झालेली नाही. हेही लक्षात ठेवा.

"सायकलच्या सहलीला पुरणपोळी?" काकू म्हणाल्या. "अगं, लोक सँडविच नेतात."

"काकू, उद्या त्या घरात इतिहास घडणार आहे."

"घडव. पण आधी हे पुरण वाट. आणि हे बघ, आग्रह कर बरं त्यांना. पहिल्यांदा कोणी हो म्हणत नाही."

"ते मला सांगू नका काकू. ते रक्तातच आहे."

खरंच आहे हो. मी मुहूर्त मानत नाही, पत्रिका मानत नाही, लग्नात हुंड्याचं भांडं दिसलं तर जेवायला न बसता निघून येते. पण समोर कोणाचं ताट रिकामं दिसलं ना, की माझा हात आपोआप डब्याकडे जातो. त्याला डोकं लागत नाही. आमच्या घरात ताट रिकामं असणं म्हणजे वाढणाऱ्याची बेअब्रू.

शनिवार उजाडला. काय दिवस होता! ट्रॉयचे ते सहा पदरी रस्ते आणि दुकानांएवढीच पसरलेली पार्किंगं एकदाची मागे पडली आणि आम्ही जुने रूळ काढून केलेल्या सायकलवाटेला लागलो. दोन्हीकडे गुडघाभर मका, मधेच लाल रंगाची लाकडी कोठारं, कुंपणावरून मान काढून बघणारे घोडे. सगळ्यात पुढे ओपा, स्वतःच्या सीटवर बसून, काहीतरी मोठ्याने गात. त्यांच्यामागे लेना. मला तिचीच धास्ती होती, पण ती पोरगी वाऱ्यासारखी चालली होती. मॅथियासही मजेत. हा माणूस हरायला निघाला आहे असं त्याच्याकडे बघून वाटतच नव्हतं.

आणि सगळ्यात मागे कोण? मी! कारण डबे माझ्या सायकलला होते. तुपाची बरणी, पोळ्यांचे दोन थर, बटाट्याची भाजी, दहीभात, मठ्ठ्याची मोठी बाटली. चढ आला की सायकल म्हणायची, तू हो पुढे. पण मी कोणाला हात लावू दिला नाही.

जेवायच्या वेळेच्या आधीच आम्ही तळ्यावर पोहोचलो. कात्रिनने मला टाळी दिली. अर्धी लढाई जिंकली होती. आता फक्त परत जायचं, की ट्रक गेला!

झाडाखाली चादर पसरली. मी ताटं मांडली. प्रत्येकाला एकेक पोळी, वर तुपाची धार. मॅथियासने आवडीने खाल्ली. मी दुसरी पुढे केली.

"नको," तो म्हणाला.

"अरे घे!"

"नको."

"माझ्यासाठी अर्धी?"

"तुझ्यासाठी?" तो गोंधळला. "तुला हवी असेल तर तू खा ना."

आता याला काय करणार? कात्रिनचंही तेच. लेनाने पोळी उलगडून आतलं पुरण तेवढं खाल्लं. आणि तिघंही पोहायला निघून गेले. माझ्या डब्यात पोळ्यांचा डोंगर तसाच! एवढं पुरण वाटलं, दंड भरून आले, आणि ही काय पावती?

पण ओपा उठले नव्हते. ताठ मांडी घालून बसले होते. त्यांनी शेवटचा घास खाल्ला, ताटातलं तूप बोटाने निपटलं, हात जोडून हसले. ताट असं लख्ख, की त्यात बघून भांग पाडावा.

रिकामं ताट! माझा हात डब्यात गेलासुद्धा.

दुसरी पोळी पडली. ओपांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान लववली आणि खायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. या घरात एक तरी माणूस निघाला, ज्याला खाणं कळतं! दुसरी संपली. ताट निपटलं. तिसरी पडली. तिसरीच्या वेळी त्यांनी पट्टा एक भोक सैल केला. आपल्याकडे हे कौतुक समजतात. चौथीला ते तळ्याकडे फार वेळ बघत राहिले. मला वाटलं, निसर्ग आवडला. पाचवीला डोळे मिटून चावत होते. मला वाटलं, तल्लीन झाले!

पुढचं मोजलं नाही. खाणाऱ्याचे घास मोजू नयेत असं आमची आई म्हणते.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या नाशिककडे घरी पोळी पातळ. चार-पाच खाल्ल्या तरी माणूस उठून कामाला लागतो. मी त्या अंदाजाने वाढत होते. पण या पोळ्या शैलाकाकूंच्या होत्या. नागपुरी! त्यात पुरण एवढं, की पोळी केवळ नावाला. त्यातली एक खाऊन मॅथियाससारखा आडदांड माणूस 'नको' म्हणाला होता, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरायला हवं होतं. नाही शिरलं.

शेवटी त्यांच्या कपाळावर घाम दिसला. म्हटलं, गोड फार झालं असेल. तोंडाला चव यायला मी दहीभात वाढला.

तोही त्यांनी संपवला.

पोहणारे परत आले तेव्हा ओपा चादरीवर उताणे पडलेले. डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर. मी शेजारी पंख्यासारखं झाकण हलवत बसलेली.

"ओपा!" कात्रिन धावलीच. तिने त्यांची नाडी पाहिली, कपाळ पाहिलं, कानाशी वाकून काहीतरी विचारलं. ओपांनी डोळे न उघडता जर्मनमध्ये एक वाक्य म्हटलं.

"काय म्हणाले?" मी लेनाला विचारलं.

"विचारतायत, अजून आहे का," लेना म्हणाली.

"बघ! म्हटलं ना, त्यांना आवडलंय!" मी डबा उघडायला लागले.

"अवनी, ते घाबरून विचारतायत."

मग कात्रिनने त्यांच्याशी बोलून सगळं विचारून घेतलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. झालं होतं असं. तिनेच आदल्या दिवशी इंटरनेटवर कुठेतरी वाचलं होतं, की भारतीय माणसाने वाढलेलं नाकारलं तर त्याचा मोठा अपमान होतो. आणि तिने ओपांना बजावलं होतं, "अवनी जे देईल ते खायचं. पोरीला वाईट वाटता कामा नये." शिवाय ओपांच्या लहानपणी खायची टंचाई. ताटात पडलेलं टाकायचं नाही ही त्यांची शिकवण, ती हाडात मुरलेली.

म्हणजे बघा. त्यांचा धर्म, ताट रिकामं करायचं. माझा धर्म, रिकामं ताट भरायचं. आता हे कुठे थांबणार? कात्रिन पोहून आली म्हणून, नाहीतर आम्ही दोघं एकमेकांचा मान राखता राखता काकूंचा गॅस संपवला असता!

"पण त्यांनी हात का नाही आडवा धरला?" मी कळवळून विचारलं. "आमच्याकडे ताटावर हात आडवा धरतात!"

"त्यांना कसं माहीत असणार?" कात्रिन म्हणाली. "आणि तू का नाही थांबलीस?"

"त्यांचं ताट रिकामं होतं!"

मी शैलाकाकूंना फोन लावला. "काकू, जास्त जेवण झालं तर काय देतात?"

"ओवा. कोणाला झालं?"

"ओपांना."

"किती घातल्यास त्या म्हाताऱ्याला?"

"ते खात होते काकू!"

"अगं, तू वाढत होतीस! नागपूरच्या पोळ्या आहेत त्या. आमचे जावईसुद्धा दुसरीला हात जोडतात. यांना पाठवू का गाडी घेऊन?"

"नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की तळ्यातली बदकं उडाली. "गाडीचं नावसुद्धा काढू नका!"

ओवा काही जवळ नव्हता. म्हटलं, शतपावली. आपण जेवल्यावर उगीच फेऱ्या मारतो का? मी आणि लेनाने दोन्हीकडून धरून ओपांना उभं केलं आणि झाडाभोवती फिरवलं. बिचारे फिरले. चेहऱ्यावर जरा रंग आला. मग मला मठ्ठा आठवला. जिरं, आलं, हिंग घातलेला. पचनाला याहून चांगलं काही नाही! मी ग्लास भरून दिला. ओपांनी संपवला, ग्लास खाली ठेवला.

"अवनी!" लेना किंचाळली. "तू परत तेच करतेयस!"

मी खाली पाहिलं. माझ्या हातात बाटली होती आणि ग्लास काठोकाठ भरलेला होता. आणि ओपा, देवाशपथ, तो उचलायला हात पुढे करत होते!

कात्रिनने ग्लास काढून घेतला. बाटलीही घेतली. डब्याचं झाकण लावून त्यावर स्वतः बसली.

मग आम्ही वाट पाहिली. ऊन कलायला लागलं. आमच्या सायकलींना दिवे नव्हते, त्यामुळे अंधाराच्या आत निघणं भाग होतं. अखेर ओपा स्वतःच उठले. त्यांनाही ट्रक हरवायचा होता ना! शर्ट सारखा केला, समुद्रापारहून आणलेल्या आपल्या सीटवर बसले, उजवा पाय पॅडलवर ठेवला, जोर लावला. पाय अर्धा फेरा फिरून वर आला आणि अडकला. सायकलने क्षणभर विचार केला आणि ती ओपांसकट गवतात हळूच आडवी झाली. लागलं काही नाही. पुन्हा बसले. पुन्हा गवत.

पडल्या पडल्याच ते काहीतरी म्हणाले. लेनाने भाषांतर केलं: "म्हणतायत, सायकल उत्तम आहे. पण पाय वर येतो तेव्हा तिथे आधीच पोट असतं."

मॅथियास माझ्याजवळ आला. "अवनी," तो हळूच म्हणाला, "मला वाटतं चाचणी संपली."

"हे चुकीचं आहे! यात सायकलचा काय दोष? हा जेवणाचा दोष आहे!"

"चाचणीत कारण महत्त्वाचं नसतं. एक भाग निकामी झाला, की निकाल लागला."

"कुठला भाग?"

त्याने गवताकडे बोट दाखवलं. "ओपा."

आणि त्याने फोन काढला. मला वाटलं, टॅक्सी बोलावतोय. कसली टॅक्सी! त्याने ट्रक विकणाऱ्याला फोन लावला. म्हणाला, पाच माणसं, पाच सायकली, तळ्यापाशी अडकलो आहोत, तुमच्या ट्रकमध्ये मावतील का? मंडळी, अमेरिकेत संकटात सापडलात ना, तर सेल्समनला फोन करा. त्याच्याइतक्या तत्परतेने या देशात कोणी येत नाही. लाल ट्रक धुरळा उडवत आला, त्याच्यामागे या माणसाला परत न्यायला त्याचा सहकारी वेगळी गाडी घेऊन आला, आणि तो टाय घातलेला सेल्समन खाली उतरून म्हणाला, "मी ऐकलं की इथे कोणालातरी जागेची गरज आहे!" आणि ओपांच्या पोटाकडे बघून ओळखीचं हसला.

मॅथियासच्या हातात किल्ल्या दिल्या. पाचही सायकली मागच्या हौद्यात आडव्या झाल्या. माझीसुद्धा. चढवताना माझ्या सायकलने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी विसरणार नाही.

पण मी? मी चढले नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

"माझी सायकल उतरवा," मी म्हटलं. "मी एकटी येईन."

"अंधार होईल," कात्रिन म्हणाली.

"होऊ दे."

मॅथियासने खांदे उडवले. या लोकांना एकदा 'नको' म्हटलं की विषय संपतो, याची मला खात्रीच होती. तो हौद्याकडे निघालाही. तेवढ्यात मागच्या सीटवर रेललेल्या ओपांनी काच खाली केली. शेजारच्या रिकाम्या जागेवर थोपटलं. "प्लीज."

"नको, ओपा."

त्यांनी पुन्हा थोपटलं. "प्लीज!"

"नाही हो, खरंच नको."

ओपांनी दार उघडलं, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि छातीवर हात ठेवून तिसऱ्यांदा म्हणाले, "अवनी. प्लीज."

तिसऱ्यांदा! अहो, आता काय करणार होते मी? दोन वेळा नाही म्हणता येतं. तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे माणसाचा अपमान. दिवसभर त्या माणसाने माझा आग्रह मोडला नव्हता. मी त्याचा कसा मोडू?

मी चढले.

आणि आता जे सांगणार आहे ते या खोलीबाहेर जाता कामा नये. ते सीट… काय सांगू! पाठीला टेकताक्षणी सगळे चढ, सगळं पुरण, दंडांचा सगळा ठणका विरघळून गेला. खालून गार हवा येत होती. मी मनातल्या मनात हवामानबदलाचे मुद्दे आठवायला सुरुवात केली. पहिला मुद्दा आठवला. पुढचं मला थेट घराच्या दारात जाग आली तेव्हाचं माहीत आहे. ओपा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होते आणि मॅथियास आरशातून माझ्याकडे बघत होता. आयुष्याचं सार्थक झाल्यासारखा चेहरा.

"सीट कसं होतं?" त्याने विचारलं.

माझ्या गालावर शिवणीचे वळ उमटले होते, ते पुरेसं होतं.

ट्रक आला. ठरल्याप्रमाणे मी तोंड उघडलं नाही. लेनाला म्हणे त्याचं बारसं करायचं होतं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून घरी आले, सायकल लावली आणि पाहिलं, तर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत माझं नाव!

"तुझ्यामुळेच आला ना तो," लेना म्हणाली. "आणि तूच म्हणालीस, अवनी म्हणजे पृथ्वी. बघ, केवढा आहे!"

तेव्हापासून त्या घरात मी नुसती हो म्हणायलासुद्धा बिचकायचे. कारण "अवनी फार जागा अडवते", "अवनीला धुवायला हवं", "अवनी मागे घेताना नीट बघ", ही वाक्यं माझ्याबद्दल आहेत की ट्रकबद्दल, हे आधी तपासावं लागायचं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. कात्रिन वैतागून बाहेरून आली. किल्ल्या टेबलावर आपटल्या.

"परवाच भरली होती," ती म्हणाली, "आणि अवनीची टाकी पुन्हा रिकामी! हे काय चाललंय? किती पेट्रोल पाजायचं हिला?"

मी संधी सोडणार होते का? बोलायला तोंड उघडलंच होतं. पण ओपांनी हात वर करून मला थांबवलं. उन्हाळाभरात त्यांचं इंग्रजी चार शब्दांवरून बरंच पुढे आलं होतं. त्यांनी काटा खाली ठेवला, माझ्याकडे अत्यंत आदराने पाहिलं आणि सुनेला शांतपणे समजावलं:

"कात्रिन, अवनीचा नियम आहे. रिकामं दिसलं, भरायचं. विचारायचं नाही."